मूसची भूक ऋतूनुसार कशी बदलते हे टिपण्याची पद्धत: तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

कॅनडा, अलास्का, अमेरिकेतील मेन राज्य किंवा स्वीडन-नॉर्वेकडे राहायला गेलेले अनेक मराठी निसर्गप्रेमी जवळच्या जंगलात मूस (हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी) दिसू लागले की हौसेने नोंदी ठेवू लागतात, परंतु वर्षअखेरीस त्या वहीतून काढलेले निष्कर्ष बहुधा चुकलेले असतात. जुलैत तळ्यात उभा राहून खाणारा मूस पाहून तो पाणवनस्पतींवरच जगतो असे लिहिले जाते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खाण्याकडे ढुंकूनही न पाहणारा नर आजारी ठरवला जातो. जानेवारीत थोडेसे खाऊन तासन्‌तास बसून राहणाऱ्या मादीला उपाशी समजून तिच्यापुढे गवताचा भारा टाकला जातो, आणि ही शेवटची चूक त्या जनावराच्या जिवावर बेतू शकते. या तिन्ही प्रसंगी डोळ्यांनी पाहिलेले खरेच असते. चूक होते ती एका ऋतूतले निरीक्षण दुसऱ्या ऋतूला लावण्यात.

पुढचे सगळे टप्पे एकाच गोष्टीवर उभे आहेत. मूसची भूक समोर किती चारा आहे एवढ्यावरच ठरत नाही. अलास्कातील केनाई द्वीपकल्पावरच्या मूस संशोधन केंद्रात बंदिस्त मूसना वर्षभर हवे तेवढे खाद्य उपलब्ध ठेवूनही त्यांनी हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा पुष्कळच कमी खाल्ले. दिवस लहान होऊ लागले की शरीर स्वतःच भूक आवरते आणि ऊर्जेचा खर्चही कमी करते. त्यामुळे ज्या नोंदीत तारीख, नर की मादी, अंदाजे वय आणि तापमान नाही, ती कितीही तपशीलवार असली तरी भुकेविषयी काहीच सांगत नाही.

## तयारी: पहिल्या फेरीआधी करायची कामे

साधने फार लागत नाहीत. दुर्बीण, मिलिमीटरमध्ये माप देणारा व्हर्नियर कॅलिपर, तीस मीटरची टेप, थर्मामीटर, नोंदवही आणि ओल्या हवेतही लिहिता येईल अशी पेन्सिल पुरेशी आहे. स्थानिक झाडे पाने नसताना ओळखता येणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण सर्वांत महत्त्वाचे काम निष्पर्ण झाडांवर करायचे असते. विलो, बर्च, अ‍ॅस्पेन, रोवन, रेड ओझियर डॉगवुड यांच्या काड्या साल, डोळे (काडीवरचे मिटलेले कोंब) आणि डोळ्यांची मांडणी पाहून ओळखण्याचा सराव आदल्या शरद ऋतूतच, पाने गळण्यापूर्वी, करून ठेवावा. पूर्व कॅनडात आणि सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल बेटावर बाल्सम फर, तर स्कँडिनेव्हियात स्कॉट्स पाइन ही हिवाळ्यातली महत्त्वाची झाडे आहेत. स्प्रूस मूस सहसा खात नाही, म्हणून फर आणि स्प्रूस यांतला फरक आधी पक्का करावा. फरची सुई चपटी असते आणि बोटांत धरून फिरत नाही. स्प्रूसची सुई चौकोनी असते आणि सहज फिरते.

जागा एकच निवडावी आणि वर्षभर तीच ठेवावी. त्या जागेत पाणथळ भाग, विलोची झुडपे आणि दाट सूचिपर्णी झाडी हे तिन्ही चालत गाठता येतील इतके जवळ असावेत. झाडांना खुणेच्या फिती बांधायच्या असतील तर जमीनमालकाची किंवा उद्यान प्रशासनाची परवानगी घ्यावी. आइल रॉयल राष्ट्रीय उद्यान १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पर्यटकांसाठी बंद असते, अशा अडचणी वेळापत्रक ठरवण्याआधीच तपासाव्यात.

सावधान. मोठा नर पाचशे किलोंच्या पुढे भरतो, आणि पाडस सोबत असलेली मादी नरापेक्षाही धोकादायक असते. कॅनडातील राष्ट्रीय उद्याने मूसपासून किमान ३० मीटर अंतर ठेवण्यास सांगतात. निरीक्षणासाठी त्याच्या दुप्पट अंतर ठेवणे मला योग्य वाटते, कारण माणूस जवळ आल्यावर मूस खाणे थांबवतो आणि मग नोंदही बिघडते. कान मागे पडले, पाठीवरचे केस उभे राहिले किंवा जनावर ओठ चाटू लागले, तर ताबडतोब मागे फिरावे आणि जाड झाडाचा आडोसा गाठावा.

## टप्पा १: वर्षाचे विभाग मूसच्या शरीरानुसार पाडा

वहीत महिने लिहून रकाने आखणे ही सुरुवातीची चूक असते. त्याऐवजी पुढील सहा विभाग करावेत: बर्फ वितळल्यापासून पालवी फुटेपर्यंतचा काळ, पालवीपासून जूनअखेर, भर उन्हाळा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा मीलनकाळ, पानगळीपासून खोल बर्फ साचेपर्यंतचा काळ, आणि खोल बर्फाचा हिवाळा. दक्षिण स्वीडन आणि अलास्का यांत हे विभाग काही आठवड्यांनी मागेपुढे होतात, म्हणून त्यांच्या सीमा आपल्या परिसरातील खुणांवरून ठरवाव्यात. विलोला पहिले पान दिसले तो दिवस, तळ्यावरचे बर्फ गेले तो दिवस आणि बर्फाची खोली ७० सेंटिमीटर झाली तो दिवस या तीन तारखा न चुकता लिहाव्यात. ७० सेंटिमीटरनंतर मूसची हालचाल मंदावते आणि मीटरभर बर्फात ती फारच आखडते.

## टप्पा २: बर्फ गेल्यावर, पालवी फुटण्याआधी काड्या मोजा

नोंदींचे वर्ष येथून सुरू करावे. हिवाळाभर मूसने काय खाल्ले याचा पुरावा झाडांवर जसाच्या तसा असतो, आणि तो वाचण्याची मुदत पालवी फुटली की संपते. स्वीडनमधील कोवळ्या जंगलांच्या मूस-नुकसानीची देशव्यापी पाहणीही याच कारणाने वसंतात होते.

नकाशावर आधीच एक सरळ रेषा आखावी आणि तिच्यावर दर ५० मीटरवर थांबावे. असे दहा थांबे पुरेत. रेषा जागेवर जाऊन आखल्यास पाय नकळत खाल्लेल्या झुडपांकडे वळतात आणि मग सगळे जंगल ओरबाडल्यासारखे दिसते. प्रत्येक थांब्याभोवती १५ मीटरच्या आत, जमिनीपासून अर्धा ते तीन मीटर उंचीत गेल्या वर्षीची वाढ असलेली, प्रत्येक जातीची जास्तीत जास्त तीन झाडे घ्यावीत, आणि प्रत्येक झाडावरच्या वेगवेगळ्या बाजूंच्या दहा काड्या तपासाव्यात.

काडी म्हणजे केवळ गेल्या उन्हाळ्यात वाढलेला भाग. तो कोठे सुरू होतो हे आदल्या डोळ्याच्या खवल्यांनी मागे ठेवलेल्या बारीक कड्यांवरून कळते. त्या कड्यांच्या वरची साल बहुधा अधिक चकचकीत आणि वेगळ्या रंगाची असते. प्रत्येक काडीसाठी जात, उंची, बुडाचा व्यास, टोक शाबूत की खाल्लेले, आणि खाल्लेले असल्यास त्या ठिकाणचा व्यास एवढे लिहावे.

खाणारा प्राणी ओळखणे हे या टप्प्यातले सर्वांत नाजूक काम आहे. मूसला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून तो काडी तोडतो तेव्हा टोक चावलेल्या दातणासारखे फाटलेले, तंतू निघालेले राहते. ससा काडी तिरकी आणि सुरीने कापल्याइतकी साफ तोडतो. हरणाच्या खुणा मात्र मूससारख्याच फाटक्या असतात, त्यामुळे पांढऱ्या शेपटीचे हरीण किंवा रो हरीण असलेल्या भागात केवळ टोक पाहून निर्णय देऊ नये. हरीण साधारणपणे खालच्या आणि बारीक काड्यांवर थांबते, तर मूस अडीच-तीन मीटरपर्यंत पोहोचतो आणि त्याहून उंच शेंडा हवा असल्यास बुंधा तोंडात धरून किंवा छातीने रेटून मोडतो. डोक्याच्या उंचीवर मोडून लोंबणारे, पण पुरते न तुटलेले कोवळे खोड ही मूसची खूण आहे.

तपासणी. उंचीचा निकष लावताना हिवाळ्यातली बर्फाची खोली वजा करावी. मीटरभर बर्फावर उभा राहिलेला ससा दीड मीटर उंचीवरची काडी कापू शकतो, आणि वसंतात जमिनीवरून पाहणाऱ्याला ती खूण मोठ्या जनावराची वाटते.

तपासणी. खूण याच हिवाळ्यातली आहे का, ते पाहावे. तुटलेले टोक राखाडी पडले असेल आणि त्याच्या खालून नवे फुटवे आले असतील, तर ती जुनी आहे. ती मोजू नये. मात्र एकाच झाडावर अशा जुन्या खुणा पुष्कळ असतील आणि ते केरसुणीसारखे दाट, आखूड झाले असेल, तर तसे वेगळ्या रकान्यात लिहावे, कारण त्या जागेवर अनेक हिवाळे भार पडला असल्याचे त्यातून कळते.

आता हिशोब. विलोच्या ३० काड्यांपैकी १२ खाल्लेल्या असतील तर विलोचे प्रमाण शेकडा ४० झाले. असे प्रमाण प्रत्येक जातीचे स्वतंत्र काढावे. खाल्लेल्या काड्यांत फरच्या काड्या जास्त भरल्या म्हणून फर आवडता असे म्हणणे चूक आहे. जंगलात फरच अधिक असेल तर आकडा तसाच येणार. थोडीच रोवनची झुडपे असून ती सगळी खुडलेली असतील आणि भरपूर फरपैकी थोडाच खाल्लेला असेल, तर आवड रोवनची आहे आणि फर हा पर्याय आहे. चाव्याचा व्यासही बोलका असतो. मूस सामान्यतः बारीक टोके घेतो, कारण जाड भागात लाकूड जास्त आणि पोषण कमी असते. जाड काड्याही तुटू लागल्या असतील, तर बारीक चारा संपत आला होता किंवा खोल बर्फामुळे जनावर एकाच ठिकाणी अडकले होते.

## टप्पा ३: वसंताच्या खुणा, साल आणि लेंड्या

हिवाळ्याच्या शेवटी मूसची चरबी संपत आलेली असते, कोवळे काहीच नसते, आणि अशा वेळी तो अ‍ॅस्पेन किंवा मेपलची साल खरवडतो. खालच्या दातांचे उभे, समांतर चर खोडावर स्पष्ट दिसतात. नर शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी) उतरवण्यासाठी खोडे घासतो त्या खुणा ऑगस्टअखेर व सप्टेंबरातल्या असतात. तेथे साल धाग्यांसारखी लोंबते आणि दातांचे चर नसतात. नवशिके या दोन्ही खुणा खाण्याच्या रकान्यात लिहितात, आणि त्यामुळे शरद ऋतूत नर साल खातो असा खोटा निष्कर्ष निघतो.

विष्ठेतला बदल हा ऋतुबदलाचा सर्वांत सोपा पुरावा आहे आणि तरीही तो क्वचितच नोंदवला जातो. काड्यांवर जगताना लेंड्या कोरड्या, लंबगोल, सुट्या आणि भुशासारख्या पडतात. पालवी सुरू झाल्यावर त्या मऊ होऊन एकमेकींना चिकटतात, आणि उन्हाळ्यात गाईच्या पोसारखा सपाट गोळा पडतो. हा बदल पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि विलोच्या पहिल्या पानाची तारीख शेजारीशेजारी लिहाव्यात.

याच दिवसांत मूस रस्त्याकडेला दिसू लागतात. ओंटारियोतील अल्गोंक्विन उद्यानातून जाणाऱ्या महामार्ग ६० वर मे-जूनमध्ये ते चरांत साचलेले, हिवाळ्यात टाकलेल्या मिठाने खारट झालेले पाणी पितात. ही नोंद "मीठ" म्हणून वेगळी करावी. तहान किंवा चारा म्हणून करू नये.

सावधान. ईशान्य अमेरिकेत मार्च-एप्रिलमध्ये केस झडलेले, पांढरट दिसणारे मूस आढळतात. त्यांच्या अंगावर हिवाळी गोचिडी हजारोंनी असतात, आणि अंग घासण्यात व चाटण्यात त्यांचा खाण्याचा वेळ जातो. अशा जनावराच्या खाण्याच्या नोंदी इतरांत मिसळू नयेत.

## टप्पा ४: उन्हाळ्यात वेळ आणि तापमान यांना आधी स्थान द्या

वर्षातली सर्वाधिक भूक याच काळात असते. मे-जूनमध्ये जन्मलेले साधारण १५ किलोंचे पाडस हिवाळ्याच्या तोंडावर दीडशे किलोंच्या आसपास जाते, आणि त्यातला सुरुवातीचा मोठा भार आईच्या दुधावर असतो. नराला त्याच काही महिन्यांत शिंगे वाढवायची आणि मीलनकाळासाठी चरबी साठवायची असते. कोवळ्या पानांत हिवाळी काड्यांपेक्षा प्रथिने कितीतरी जास्त असतात आणि ती लवकर पचतात, त्यामुळे कोटीपोट (रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) लवकर रिकामे होऊन जनावर पुन्हा चरायला उठते. मूस फांदी तोंडात आडवी धरून डोके मागे ओढतो आणि पाने ओरबाडून घेतो, फांदी मात्र जागेवर राहते. म्हणूनच वसंतातल्या काड्यांच्या मोजणीवरून उन्हाळ्यातले खाणे कधीच कळत नाही.

निरीक्षणाची पद्धत अशी ठेवावी: मूस दिसल्यापासून दर मिनिटाला तो त्या क्षणी काय करतो आहे ते एका शब्दात लिहावे, म्हणजे खातो, चालतो, उभा, बसून रवंथ करतो, पाण्यात खातो, पाण्यात नुसता उभा. "अर्धा तास खात होता" अशी ढोबळ नोंद कामाची नाही, कारण त्या अर्ध्या तासात तो अनेकदा मान वर करून उभा राहिलेला असतो.

प्रत्येक नोंदीसोबत सावलीतले तापमान लिहावे. उन्हाळ्यात साधारण १४ अंश सेल्सियसच्या पुढे मूसच्या शरीरावर उष्णतेचा ताण येऊ लागतो आणि २० अंशांनंतर तो धापा टाकू लागतो. उष्ण दिवशी दुपारी तो दाट सावलीत बसतो आणि खाणे पहाटे, संध्याकाळी व रात्री उरकतो. केवळ दुपारी निरीक्षण करणाऱ्याच्या वहीत मूस उन्हाळ्यात कमी खातो असे दिसते, जे वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. फेऱ्यांपैकी निम्म्या तरी सूर्योदयाच्या वेळी असाव्यात.

तळ्यावरच्या नोंदींबाबत ताडोबा-नागझिऱ्यात मे महिन्यात पाणवठ्यावर बसण्याची सवय असलेल्या वाचकांना विशेष सांगावेसे वाटते. तेथे उन्हाळ्यात प्राणी पाण्यावर येतात ते मुख्यतः तहानेने. मूस तळ्यात उतरतो त्यामागे मोठे कारण सोडियम आहे. हिवाळी काड्यांत आणि जमिनीवरच्या पानांत सोडियम फारच कमी असते, तर पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींत ते अनेक पटींनी जास्त असते, आणि मूस ही भरपाई जून-जुलैत करून घेतो. आइल रॉयलवरील संशोधनातून हे स्पष्ट झाले. अंग गार करणे आणि माश्या-डासांपासून सुटका हीदेखील कारणे असतात, म्हणून "पाण्यात खातो" आणि "पाण्यात नुसता उभा" हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचा आग्रह आहे. डोके पाण्याखाली गेले असेल तर तो बहुधा पाँडवीडसारख्या बुडालेल्या वनस्पती ओढत असतो. पृष्ठभागावर कमळासारखी पाने दिसतात म्हणून तीच खाल्ली असे लिहू नये. तोंडातून लोंबणारे देठ दुर्बिणीतून पाहावेत.

## टप्पा ५: मीलनकाळात नर आणि मादी यांच्या नोंदी वेगळ्या करा

सप्टेंबरच्या उत्तरार्धात पूर्ण वाढ झालेले नर खाणे जवळजवळ थांबवतात, आणि हा उपास सुमारे दोन आठवडे किंवा त्याहून थोडा अधिक चालतो. चारा भरपूर असतो, जनावर धडधाकट असते, तरीही ते खात नाही आणि वजनाचा मोठा हिस्सा गमावते. कोवळे नर पूर्ण उपास करत नाहीत आणि माद्या खात राहतात. त्यामुळे या काळातली "मूस कमी खात होता" अशी सरसकट नोंद बाद समजावी. शिंगांच्या आकारावरून नराचा वयोगट लिहावा आणि मिनिटामिनिटाच्या नोंदी तीन स्वतंत्र पानांवर ठेवाव्यात.

सावधान. हाच शिकारीचाही हंगाम असतो. स्वीडनच्या उत्तरेत मूसची शिकार सप्टेंबरात आणि दक्षिणेत ऑक्टोबरात सुरू होते. भडक नारिंगी जाकीट घालूनच जावे, आणि माजावर आलेल्या नरापासून नेहमीपेक्षा अधिक दूर राहावे.

## टप्पा ६: पानगळ ते खोल बर्फ

येथे फारसे मोजायचे नसते, पण एक गोष्ट हमखास निसटते: मूस गळून पडलेली पानेही खातो. मान जमिनीकडे असेल तर तो गवत खातो असे गृहीत न धरता तो गेल्यावर ती जागा तपासावी. मीलनकाळानंतर नर पुन्हा खाऊ लागतात. ती तारीख लिहावी, कारण चरबी गमावलेल्या नरासाठी बर्फ साचण्यापूर्वीचे हे आठवडे फार मोलाचे असतात.

बर्फ खोल झाले की मूस दाट सूचिपर्णी झाडीजवळ राहतो, खाण्याच्या फेऱ्या कमी होतात आणि लाकडी चारा पचवण्यासाठी रवंथाचा वेळ वाढतो. या काळात जवळ जाऊन त्याला उठवू नये. खोल बर्फात पळताना खर्च होणारी ऊर्जा त्याला त्या काड्यांतून सहज भरून काढता येत नाही. लांबून पाहावे, आणि वसंतातल्या मोजणीसाठी त्याच्या पायवाटा नकाशावर टिपाव्यात.

सावधान: हिवाळ्यात मूसला खाऊ घालू नये. त्याच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव तोवर काड्यांना सरावलेले असतात. मका, धान्य, पाव किंवा सफरचंदे अचानक मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास लॅक्टिक आम्ल साचून आम्लता होते आणि जनावर दगावू शकते. गवताने पोट भरते, पण ते न पचता पडून राहते, आणि भरल्या पोटी मूस खंगत गेल्याची उदाहरणे आहेत. शिवाय माणसाकडून अन्नाची अपेक्षा करू लागलेला मूस पुढच्या माणसावर चालून जातो. अलास्कात मूसला खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे. जनावर खरोखरच अडकलेले किंवा जखमी वाटत असेल, तर स्थानिक वन्यजीव विभागाला कळवावे.

## टप्पा ७: नोंदी जुळवण्याचा क्रम

वर्ष पूर्ण झाल्यावर प्रथम बाद करायच्या नोंदी काढाव्यात: लिंग न कळलेल्या, माणसाला पाहून खाणे थांबलेल्या, गोचिडग्रस्त जनावरांच्या आणि रस्त्यावरच्या मिठाच्या. उरलेल्या नोंदींतून प्रत्येक विभागासाठी, नर आणि मादी यांचे वेगळे, "खातो" या मिनिटांचे एकूण मिनिटांशी प्रमाण काढावे. हे प्रमाण खाण्यात गेलेला वेळ सांगते, खाल्लेले वजन सांगत नाही. जून महिन्यात तोंडभर पाने ओरबाडणारा आणि फेब्रुवारीत एकेक काडी खुडणारा मूस एकाच मिनिटात सारखे खात नाहीत, म्हणून दोन ऋतूंची मिनिटे थेट एकमेकांपुढे मांडू नयेत. उन्हाळ्याची तुलना पुढच्या उन्हाळ्याशी करावी, नराच्या मीलनकाळाची पुढच्या मीलनकाळाशी.

काड्यांचे प्रमाण मात्र दोन वसंतांत थेट ताडून पाहता येते, परंतु त्याशेजारी बर्फाची खोली ठेवूनच. एखाद्या वर्षी विलोचे प्रमाण वाढले आणि त्याच हिवाळ्यात बर्फ लवकर साचून उशिरा गेला असेल, तर मूसची संख्या वाढली असे म्हणण्यापूर्वी आणखी एक सौम्य हिवाळा पाहावा. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड बेटावर १९०४ साली आणून सोडलेल्या मूसची संख्या लांडगे नसल्याने फार वाढली, आणि ग्रोस मॉर्न उद्यानातील फर व बर्चची रोपे वर्षानुवर्षे वाढू शकली नाहीत. पण तो निष्कर्ष कुंपणाआड राखलेल्या आणि उघड्या जागांची दीर्घकाळ तुलना करून निघाला. एका रेषेवरच्या दहा थांब्यांतून एवढे मोठे विधान करता येत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच रेषेवर, त्याच थांब्यांवर आणि शक्यतो त्याच व्यक्तीने पुन्हा मोजावे, कारण दोन माणसे फाटलेले टोक आणि कापलेले टोक यांतली सीमा सारखी धरत नाहीत.